बोटं सुटी दिसायला हवीत

राम मारुती रोडवरच्या दुकानात
तौफिक नावाचा मुलगा आधी मोठ्यानं बोलला,
मग आणखी मोठ्यानं.
मी म्हटलं, अरे, ताईला ऐकूच येत नाही,
हळू बोललास तरी चालेल.
तो ओशाळला, आणि सवयीनं
माइकच दाखवायला लागला:
वारा कसा गाळतो, श्वाससुद्धा कसा टिपतो.
मी हातांनी सांगितलं. ताई हसली.
त्याचे पैसे वजा कर म्हणावं.

कुमुदताई. वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं
औषधांच्या खोक्यांना घड्या घातल्या.
कंपनी बंद झाली, हिशेब हातात आला,
त्यातल्या पंचावन्न हजारांभोवती तिनं
पासबुकात पेन्सिलीनं गोल काढला.
कशाला, ते कुणाला सांगितलं नाही.
मलाही नाही. मी तर तिचा आवाज,
असं आपलं मला वाटायचं.

रविवारी सकाळी तलावपाळीच्या कठड्याशी
तिची माणसं जमतात,
वेगवेगळ्या कंपन्यांतली, साठीकडे झुकलेली.
त्यांचे शब्द कुठल्या शाळेतले नाहीत,
मशीनच्या दोन बाजूंना उभं राहून झालेले:
ओव्हरटाइमला मनगटावर दोन टिचक्या,
संपाला उलटी मूठ,
आणि पगार लांबणार असला की
कानाची पाळी ओढायची.
का, ते रामनाथ तांडेलांना ठाऊक होतं.
तांडेल चैत्रात गेले.

ताईनं काउंटरवर कागद ठेवला.
ठसठशीत अक्षर:
बोटं सुटी दिसायला हवीत.

ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली
आणि माझं नाव केलं:
हनुवटीखाली चोच, मग झटकन पंख.
(लहानपणी मी चिमणीसारखी चिवचिवायचे,
हे तिला आईनं सांगितलेलं.)
पहिल्या कॅमेऱ्यात
चिमणीचा नुसता धूर.
दुसऱ्यात पंख आले, पण बोटं
ओल्या चिंचेसारखी चिकटलेली.
तिसऱ्यात तौफिकनं काहीतरी फिरवलं,
सेकंदाला पन्नास चित्रं, म्हणाला, शटरही वाढवतो,
पण उजेड जास्त लागेल, मॅडम.
उजेड आहे, ताई म्हणाली.
साडेसातला तळ्यावर येतो तो.

तिसऱ्यात चिमणी उडाली.
ताईनं ती थांबवली, मागे नेली,
एकेक चित्र पुढे सरकवत पाहिली
तांदूळ निवडावेत तशी.
झूम तिनं पाहिलाच नाही.
पडदा पुढे वळतो का, एवढं विचारलं,
समोरच्याला स्वतःचे हात दिसायला हवेत.

एकसष्ट हजार.
मी पर्स उघडली तर हातावर चापट बसली,
तिचा अर्थ सांगावा लागत नाही.
वेगळा माइक काढून अठ्ठावन्नवर आलं.
वरचे तीन दाढेच्या कॅपसाठी ठेवलेले होते.
दाढ थांबेल, ती म्हणाली.
निघताना तौफिकनं हनुवटीखाली चोच धरली,
पंख मात्र उलटे मारले.

रविवारी शेवाळे मुद्दाम नवा शर्ट घालून आले,
बारीक चौकटींचा. बोटं त्यात हरवली.
ताईनं त्यांना माझी निळी ओढणी गुंडाळली,
सगळे तोंड दाबून हसले, शेवाळेही.
मग तिनं विचारलं: पगार लांबला की कान का?
शेवाळ्यांनी खांदे उडवले.
तेही तिनं ठेवलं.

संध्याकाळी घरी टीव्हीला जोडून पाहिलं.
तिनं विचारलं, आवाजात काय आलंय?
रिक्षा, मी सांगितलं. चणेवाला. माझा खोकला.
आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, अगदी जवळून,
तुझ्या बांगड्या.

ती मनगटाकडे बघत राहिली.
वाजतात? मग जरा थांबून,
कशा?
मी हात उचलले
आणि तसेच राहिले.
तो शब्द आमच्यात अजून झालेला नव्हता.