गरम प्लास्टिक

पानं दोन असली की मी घाबरतो.
एक पान म्हणजे बहुतेक काही नाही,
एवढं आठ वर्षांत कळलं आहे मला,
डॉक्टरकी न शिकता.

लाखांदूर रोडवर माझं दुकान.
सातबारा, आधार, झेरॉक्स, दहावीचे फॉर्म,
आणि हल्ली नागपूरहून, ब्रह्मपुरीहून येणारे रिपोर्ट.
ज्यांच्याकडे साधा फोन आहे
ते तिथल्या खिडकीवर माझाच नंबर देऊन येतात.
म्हणून डोमाजी नाकाड्यांच्या किडनीचं
त्यांच्याआधी मला माहीत होतं.

इंग्रजी माझं जेमतेम.
पण काही शब्द पुन्हा पुन्हा येऊन ओळखीचे झाले,
वसुलीवाल्यासारखे लांबूनच दिसतात.

लोक कागद वाचत नाहीत, माझं तोंड वाचतात.
म्हणून प्रिंट मी पालथी ठेवतो,
दहा रुपये घेतो
आणि पंख्याकडे बघतो.

मंगळवारी रेऊबाई कुथे आल्या,
रिपोर्ट स्वतःच घेऊन, मोठ्या पिवळ्या थैलीत.
फिल्म काढून दाराच्या उजेडाला धरली.
"तलाव दिसते बापा.
हे शिंगाड्याचे वेल.
आन् हा गोटा. हा मागच्या खेपेले नोता."

मी बोललो नाही.

"कागदाले पिल्लास्टिक लाव.
धानाच्या कोठीत ठेवीन, उंदरं लय झाले."

दोन पानं होती.
पाठीला पाठ लावून आत सरकवली, दुसरं वर आलं.
लॅमिनेशनचं मशीन हळू चालतं,
एकेक ओळ गरम होऊन बाहेर येते.
नाव. वय बासष्ट, तेही अंदाजे सांगितलेलं.
मग मापं, सेंटीमीटर गुणिले सेंटीमीटर,
आणि सगळ्यात शेवटी
ती जाड ठशातली ओळ.
मशीन उलटं फिरवता येत नाही.

"वाचला?"
"इंग्रजीत हाय, मावशी."
"थे दिसते मले. वाचला का?"

पंख्याकडे बघायचं राहून गेलं.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या,
मघाशी फिल्मकडे बघत होत्या तशाच,
जरा मान कलती करून, उजेड मागे घेऊन.

"राहू दे. उद्या डाक्तर सांगल.
तू आज बराबर जेवजो."

मग कनवटीची चिल्लर मोजली.
एक रुपया कमी पडला, तो नंतर देते म्हणाल्या,
आणि गरम कागद पोटाशी धरून
उन्हात उतरल्या.

रुपयाची उधारी मी कधी लिहीत नाही.
ही लिहिली.
तारखेसकट.