कर्मणी प्रयोग

तोकोनाओच्या शाळेत, रात्री आठला,
पोरांच्या बाकांत गुडघे कोंबून
मोठी माणसं माझ्याकडे इंग्रजी शिकतात.

आजचा धडा ताज्या बातमीचा, पातळी दोन.
विजेवरची गाडी, दूरचं कुठलंसं शहर,
धूर न सोडता कामाला निघालेली हसरी बाई.
खाली दहा अवघड शब्द, ठळक.

सहावा शब्द : खारवणी.
एलेउतेरिओ त्यावर अडखळला नाही.
त्याच्या बुटांवर तो पांढरा वाळलेला असतो.

फळ्यावर मी वाक्य लिहिलं :
मिठागराखालून पाणी उपसलं जातं.
म्हटलं, अशा वाक्यात कर्ता सांगायची गरज नसते.

दोमितिला कोल्केनं हात वर केला.
शेळ्या राखते, चौथ्यांदा याच पातळीत बसलीय.
"गरज नसते, की सोय असते?"

इंग्रजीत विचार, मी म्हणाले.
ती शब्द शोधत राहिली.
बाहेर कुणाची तरी मोटरसायकल चालू होईना.

"मी उपसतो," एलेउतेरिओ मध्येच बोलला,
बुटांकडे बघत. "रात्रपाळीला.
मुलगी नर्सिंगला आहे, अंतोफागास्तात."
"तू कसला कर्ता," दोमितिला म्हणाली,
"तू आणि पंप, दोघांना एकच प्रत्यय."
कुणी हसलं. तोही हसला, जरा उशिरा.

गृहपाठ दिला : वाक्य कर्तरी करा.

तिच्या वहीत आज कर्त्याची जागा मोकळी आहे,
चांगली चार बोटं रुंद.
कागद दिव्याखाली तिरका धरला
तर पेन्सिलीनं लिहून खोडलेली नावं दिसतात.
तिसरं माझं.