दहा सेंट

माझ्या टेबलावर दोन शिक्के.
नामंजूरचं पॅड दर महिन्याला नवं मागवते.
मंजूरचं कधीच सुकून खडंग झालंय.

डेल्फिन पहिल्यांदा आली ऑक्टोबरात,
बाहीवर ग्रीस, अर्जाच्या तीन प्रती,
एकीवर रोबोच्या पंजाचं चित्र, चुकून आलेलं.
आयनोचा मामा मटण-बटाट्याच्या पेस्टी करून द्यायला तयार होता.
मी नियमावर बोट ठेवलं: घरी शिजवलेलं चालत नाही.
पुढच्या मंगळवारी सोडत. सोडत म्हणजे जुगार.
मग दारोदार मेणबत्त्या.
अठराच्या आतल्यांनी अनोळखी दार वाजवायचं नाही
(या गावात अनोळखी दार कुठलं, ते नियमात नाही).
मग ऑनलाइन वर्गणी:
पैसा फक्त जिल्ह्याच्या खात्यात,
आणि जिल्ह्याच्या खात्याला ऑनलाइन काही नाही.

दर वेळी ती म्हणायची, थँक यू, मिसेस कोस्केला.
रात्री भांडी विसळताना
मला त्या थँक यूचा राग यायचा.

नोव्हेंबरात बर्फ आलं, हरणांचे शिकारी आले,
जंगलातल्या खोपटांमागे बिअरच्या कॅनचे ढीग.
आमच्या राज्यात रिकामा कॅन दुकानात परत केला
की दहा सेंट मिळतात.
पाचव्या अर्जात एवढंच होतं. खाली हिशेब:
बत्तीसशे डॉलर, बत्तीस हजार कॅन.

मी पुस्तक उघडलं. कलम एकोणीस:
मद्यापासून उत्पन्न नको.
बराच वेळ बघत बसले त्या ओळीकडे.
मग खिडकीबाहेर. सरोवर गोठायला लागलं होतं, काठाकडून.
रिकाम्या कॅनात मद्य कुठून असणार?

मंजूरचा शिक्का पॅडवर दाबला. कोरडा.
कपात उरलेली कॉफी ओतली पॅडवर.
तीन प्रती, तपकिरी.

पण दुकानाचाही नियम असतोच.
एका माणसाला दिवसाला पंचवीस डॉलर, वर एक सेंट नाही.
म्हणजे अडीचशे कॅनमागे एक माणूस लागणार.
म्हणून शनिवारी पार्किंगमध्ये
चर्चमधले, बोलिंगचे, बर्फ उपसणारा टोइवो,
कोणाशीच न बोलणारा पोस्टातला रेमंड,
सगळे काळ्या पिशव्या घेऊन उभे,
शिळ्या बिअरचा वास, तोंडातून वाफा,
आणि प्रत्येकाला वाटत होतं
आपण काहीतरी बेकायदा करतोय.

मीही गेले. माझ्याकडे एकशे अठ्ठ्याऐंशी होते.
कुठून आले ते विचारू नका,
नवरा मार्चमध्ये गेला, गॅरेज मी तेव्हापासून उघडलं नव्हतं.

मशीनने पहिलाच कॅन परत ढकलला.
दुसऱ्यांदाही.
मागून डेल्फिनचा आवाज,
या वेळी थँक यू नाही, काही नाही:
"मिसेस कोस्केला, उलटा घालताय तुम्ही.
आधी तळ आत."