मुद्देमाल

पोलिसांची गाडी आली तेव्हा दुपारचा एक.
नामाक्वालँडातला फेब्रुवारी,
पत्र्याला हात लावावा तर कातडी तिथंच राहील.
सात खोकी. प्रत्येकावर खटल्याचा नंबर,
आत अंगठ्याच्या पेराएवढी झाडं.
इकडे ह्यांना पायाची बोटं म्हणतात,
दिसतातही तशीच: गारगोट्यांखाली कुणी झोपलंय
आणि बोटं तेवढी उघडी राहिलीत.

"रोज पाणी घातलं, टानी सन्ना," हवालदार म्हणाला,
"चौकीत पाळ्या लावल्या होत्या. रविवारीसुद्धा."
शाबासकीसाठी थांबला बिचारा.
मला वास आधीच आला होता,
पिंपात विसरलेल्या बटाट्यांचा.

उन्हाळ्यात ही झोपतात,
अंगावर स्वतःचंच जुनं कातडं ओढून,
कागदासारखं, वाजणारं.
झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतलं तर तो पीत नाही,
बुडतो.

एल्रिको नवा होता, तीन आठवड्यांचा.
त्याला म्हटलं, बैस. चाकू स्पिरिटनं पूस,
दर झाडामागे पूस, आळस केलास
तर एकाची कूज तूच दुसऱ्याला देशील.
माती झटक, धुऊ नकोस.
पांढरं मूळ बोटाला ताठ लागतं.
तपकिरी दिसलं तर ओढून बघ:
साल हातात आली, आत नुसता दोरा उरला,
तर ते गेलं. काप.
कापल्या जागी मधोमध नारिंगी ठिपका आहे?
मग अजून वर.
ठिपका जाईपर्यंत काप, झाड उरो न उरो.
गंधकाची चिमूट लाव आणि सावलीत जाळीवर ठेव,
खपली धरेपर्यंत. दहा दिवस. बारा.

"आणि पाणी?"
नाही.
"थोडंसुद्धा?"
ताण द्यायचा. मुळं पाणी शोधायला निघतात
ती नसलेल्या पाण्यापायी.
मग तीन वाटे खडी, एक वाटा माती,
कुंडी भाजलेली, बुडाला करंगळी जाईल एवढं भोक.
खाली ताटली ठेवून जायचं नाही.
माझ्याकडे येतात ती बहुतेक ताटलीतच मेलेली असतात.

चौथ्या खोक्याशी तो थबकला.
एक झाड उचललं, उजेडाकडे धरलं, फिरवलं,
जाळीवर ठेवताना त्याची एक बाजू पूर्वेला केली.
मग दुसऱ्याचीही.
"हे कपारीतलं," म्हणाला, "ह्याला सकाळचंच ऊन."

मी त्याला हे शिकवलं नव्हतं.
कुठंतरी पाणी मुरत होतं.
त्याच्या उजव्या हाताची दोन नखं मुळापासून काळी,
दगडाखाली पेचकस घालून उचकटताना होतात तशी.
माझ्या भावाचीही होती.

मी चाकू पुसला. त्यानंही पुसला.
संध्याकाळी विचारलं त्यानं,
"ही परत डोंगरावर जातील ना?"
नाही रे. कुठली होती, कुणाच्या शेजारची,
कुणालाच ठाऊक नाही. शिवाय कूज संगतीनं जाते,
तिकडे उरलेल्यांच्या मुळावर उठते.
तो बराच वेळ जाळीकडे बघत बसला.
दिवा मीच लावला.

एप्रिलअखेर धुकं आलं, तेव्हा पहिलं पाणी:
कुंडी बशीत ठेवायची, वीस आकडे मोजायचे, उचलायची.
तीनशे बारांपैकी सत्त्याऐंशी.
एकाला जांभळं फूल आलं,
शर्टाच्या गुंडीएवढं.
कोर्टात त्याचा काही उपयोग नाही.

त्याच दिवशी एल्रिकोनं खोक्यावरची एक चिठ्ठी
माझ्या हातात दिली आणि नळ बंद करायला गेला,
नळ बंदच होता.
मागे पेन्सिलीनं: पवनचक्की, तिसरं कुंपण,
एक फुली, फुलीशेजारी बाण, पूर्व.
खाली नाव नाही.

एप्रनच्या खिशात आहे ती अजून.
हवालदार सोमवारी येतो, झाडं मोजतो, सही घेतो.
कुंड्यांना पाणी देताना मी एप्रन काढते
आणि दाराच्या खिळ्याला टांगते,
ओल लागू नये म्हणून.