जाड्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर

मार्च संपत आलेला. डलूथच्या धक्क्यावर बर्फ अजून,
वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या रंगाचा.
वर्नाने अँप्लिफायर आणला ओढत,
पोरांच्या घसरगाडीला दोरीने बांधून.
"एकाच सुरावर करतो," ती म्हणाली,
"जाड्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर.
आत कुणीतरी चमच्यांचा ड्रॉवर उघडतं.
शनिवारी युनियन हॉलात लग्न आहे,
पोल्का रात्री एकपर्यंत. नवरी माझी भाची."

वाइनो कांगासने काही विचारलं नाही.
दिवा खाली ओढला, बास माझ्या गळ्यात अडकवली.
तू वाजव. मी ऐकतो.

मोकळी तार: स्वच्छ.
पहिला पडदा: स्वच्छ.
दुसऱ्यावर कुणी घसा खाकरल्यासारखं.
तिसऱ्यावर —
झर्रर्र.

तो गुडघ्यावर बसला, ताप बघावा तसा
तळवा टेकवत गेला खोक्यावर.
मूठ. बिल्ला. पत्र्याचे कोपरे. चाकं.
जाळी दाबली की आवाज निम्मा,
सोडली की पुन्हा सगळे चमचे.
"वाजवत राहा."
माझ्या बोटाला तोवर फोड आलेला.

जाळी काढली तर मागे
घड्या घातलेले कागद, पाचरींसारखे ठोकलेले:
बिंगोचं कार्ड, काड्यांच्या पाकिटाचं झाकण,
चर्चच्या दानपेटीचं रिकामं पाकीट,
त्यावर पेन्सिलीने, वर्नाच्या बापाच्या हातचं:
*थांबला. ९ जून.*
त्याखाली, जरा घाईत:
*नाही थांबला.*

मग दोन दिवस गेले.
प्लायवूडची सुटलेली धार, तिला सरस, चार शिकंजे.
मुठीखाली बनातीच्या चकत्या.
स्पीकरचे आठ स्क्रू, समोरासमोरचे आळीपाळीने,
प्रत्येकी पाव फेरा, जास्त नाही;
जास्त पिळलं की लोखंड रुसतं, तो म्हणतो.

तिसरा पडदा.
मी ऐकलं: जाड, गोल, ओल्या वाळूवर पाय पडावा तसं.
तो म्हणाला, आहे अजून.
पुन्हा. आहे.
वाकून अगदी जवळ कान नेला. आहे, आहे.
व्हॉल्व्ह काढून पुसले, खिळ्यांचा डबा बाहेर ठेवला,
खिडकीच्या काचेला चिकटपट्टी लावली.
शेवटी एक फिनिश शब्द उच्चारला,
जो त्याची आई असती तर उच्चारला नसता.

सात आठवड्यांच्या शिकाऊने
उस्तादाच्या कानाबद्दल काय बोलावं?
मी फोड चोळत बसले.

शुक्रवारी दुपारी त्याने वायरच उपटली.
खोका मुका. कॉफी उकळत होती.
तेवढ्यात खाडीच्या तोंडाशी
हंगामातलं पहिलं खनिजाचं जहाज आलं
आणि त्याने भोंगा दिला: एक लांब, दोन आखूड.
उचलपुलाने तसंच उत्तर दिलं.
जमिनीतून आला तो आवाज, आधी टाचांना कळला.

वाइनो ताठ झाला.
बंद अँप्लिफायरकडे बघितलं. मग माझ्याकडे.
मग हळूच
कानशिलापाशी दोन बोटं नेली,
चश्म्याची दांडी धरली.
सोडली. धरली.
भोंगा अजून चालू होता.

"तुला ऐकू येत नव्हतं?"
नाही.
"कधीपासून?"
बुधवारपासून.

चश्मा काढून त्याने माझ्या हातात दिला.
त्याशिवाय त्याला बारीक पेचकस दिसेना,
ते मीच शोधलं, टेबलावर त्याच्या कोपराजवळ.
बिजागरीचा स्क्रू, तिळाएवढा.
पाव फेरा. जास्त नाही.
तो तोवर डोळे मिचकावत बसला
सोलून ठेवलेल्या अंड्यासारखा,
आणि म्हणाला, पुढच्या वेळी बुधवारीच सांग.

वर्ना घसरगाडी घेऊन आली तेव्हा
बर्फाचं पाणी होत होतं, दोरी ओली.
बिलावर सरस होता, बनात होती.
तिच्या बापाचं पाकीट मी परत आत लावलं,
जिथे काहीच वाजत नाही अशा जागी.
खाली तारीख घातली: २७ मार्च.
*थांबला* असं लिहायचा
मात्र मला धीर झाला नाही.