एका मात्रेचा फरक

माझा बाप पटात घड्याळ धरायचा.
निळ्या दोरीचं, गळ्यात, अंगठा बटणावर.
जेवतानाही तो अंगठा जरा वाकलेलाच असायचा.
घरी एक वही : तारीख, गाव, जोडी,
सेकंद आणि पॉइंट.
तिच्याच मागच्या पानांवर
मी शाळेचे शब्दार्थ लिहायचो.

चढाओढ म्हणजे काय, मी विचारलं एकदा.
बाप म्हणाला, चढ उकंडरावले समजते, ओढ डोमाजीले.
दोघायले इचार.
मी कशाला विचारतो. लिहिलं : स्पर्धा.
गुरुजींनी बरोबरची खूण केली.

उकंडराव बोंडे आणि डोमाजी झाडे.
दोघेही धुरकरी,
शंकरपटात छकडीवर बसून जोडी हाकणारे;
एक शिव्या देत, एक नुसत्या हाळीवर.
आणि दोघेही एकमेकांचे धुरेकरी :
याची पऱ्हाटी संपते तिथं त्याची तूर,
मधे धुरा.
एका मात्रेचा फरक.
माझ्या कोशात दोन्ही शब्द नव्हते.

दरसाल वखरताना हा इकडून एक तास कोरायचा,
तो तिकडून एक.
धुरा असा बारीक झाला
की मुंगसालाही जपून जावं लागे.
मोजणीवाला आला, दोन्ही घरचा चहा पिऊन गेला.
याने बैलांना सरकी चारली, त्याने सरकीत गूळ घातला.
उकंडरावच्या पोरीच्या लग्नाला डोमाजी गेला नाही,
पण पंगती किती उठल्या
ते मोजायला माणूस धाडला.

खुन्नस म्हणावं, तर शब्द आखूड पडतो.
वैर म्हणावं,
तर वैरात कोणी दुसऱ्याच्या बैलाला खुरकूत झाली म्हणून
रात्री गोठ्याच्या कुडावर औषधाची बाटली ठेवून
न बोलता परत येत नाही.
कोणी कोणाच्या कुडावर ठेवली
ते बापाला ठाऊक होतं.
त्याने सांगितलं नाही.

मग कोर्टाचा कागद आला, पट बंद झाले.
घड्याळ खुंटीला गेलं. सेल संपला,
बापाने बदलला नाही.
धुरा कोणी कोरेना.
त्यावर कुंदा माजला, तरोटा आला,
एक बोराटीही उभी राहिली बेशरमपणे.
दोघं एकमेकांना रामराम घालू लागले.
गाव म्हणालं, मिटलं एकदाचं.
बाप म्हणाला, बिघडलं.

त्याच रिकाम्या वर्षांत डोमाजी गेला.
तेरवीला उकंडराव पत्रावळीसमोर बसला,
वरणात बोट बुडवलं,
उठला.

पट पुन्हा सुरू झाले तेव्हा
अडुसष्टाव्या वर्षी स्वतःच बसला छकडीवर.
सात सेकंद, एकेचाळीस पॉइंट.
जन्मात एवढा पळाला नव्हता.
पोट्ट्यांनी गुलाल उधळला, डफडं वाजलं.
तो तसाच, डोळ्यांत माती घेऊन, बापाकडे आला.
"डोमाजीचं सगळ्यात कमी किती होतं गा?"

बापाने थुंकी लावून पानं उलटली.
"सात, चाळीस."

उकंडराव आधी गप्प.
मग असा हसला की बैल बिचकले.
"एक पॉइंट! मेला,
तरी मांगं पडत नाही लेकाचा."

(वही आता माझ्याकडे आहे.
त्या पानावर सात, बावन्न आहे.
बाकी सगळ्या नोंदी खऱ्या असाव्यात.)

दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या आत,
उकंडरावने बोराटी तोडली
आणि धुऱ्याचा एक तास कोरला.
एकच. सरळ, सूत धरल्यासारखा.
डोमाजीचा भूषण, पुण्याची कंपनी सोडून आलेला,
चप्पल हातात घेऊन दवातून धावत आला :
"ओ बुढेबुवा, धुरा काऊन कोरला?"

उकंडरावने बैल थांबवले.
त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं,
बाजारात गोऱ्हा पाहावा तसं.
"मंग कोर नं तू बी.
हात नाहीत काय तुले?"