मनी

जांबोटीच्या पंचायतीत फॉर्म कानडीत.
यल्लूबाई उलटा धरते, सुलटा धरते,
अक्षरं दोन्हीकडून गोलच.
शिपाई बोट ठेवतो: मनी.
म्हंजे घर.
"आमच्यात मनी म्हंजे मनात,"
ती हसते, अंगठा लावते.

पायाचा फोटो निघाला, पाटी हातात धरून.
रेंज मिळेना, तो चढवायला पोरं
फणसापलीकडच्या टेकाडावर गेली.
पायाचा हप्ता आला. भिंतींचा आला.
छपराचा
बेळगावात, कुठल्याशा टेबलावर.

दोन उन्हाळे झाले.
भिंतीआत कारल्याचा वेल चढला,
शेळी व्याली,
वर ताडपत्री.

परवा तपासणीचा माणूस आला,
गाडीतूनच म्हणाला, मनी ऐतेन?
यल्लूबाईनं ताडपत्रीच्या भोकाकडं पाहिलं.
"मनी हाय," म्हणाली.

त्यानं टिक केली.